पोकळीतली हवा : जेट स्कीच्या वायुवीजनावरील पुस्तिकेची प्रस्तावना

जेट स्कीची सीट काढली की इंजिनाच्या आजूबाजूला जाड, वळ्यावळ्यांच्या काळ्या प्लास्टिक नळ्या दिसतात. त्यांचं वरचं टोक पुढच्या हुडखाली किंवा सीटच्या आसपास आडोशाला उघडतं. खालचं टोक इंजिनाच्या कडेने उतरत हलच्या, म्हणजे जेट स्कीच्या पोकळ धडाच्या, तळाजवळ जातं आणि तिथे नुसतंच थांबतं. ते कशालाही जोडलेलं नसतं. या नळीतून पेट्रोल जात नाही, इंजिन थंड करणारं पाणी जात नाही, वायर जात नाही. तिच्यात झडप नाही, पंखा नाही, हलणारा एकही भाग नाही. दुरुस्तीसाठी हात घातला की सगळ्यात आधी आड येते ती हीच नळी, आणि ती काढून बाजूला ठेवली तरी इंजिन पूर्वीसारखंच सुरू होतं. ही पुस्तिका या नळ्यांविषयी आहे. त्या का असतात, जिथे संपतात तिथेच का संपतात आणि त्या नसतील तर काय होतं, एवढाच तिचा विषय.

विषय छोटा वाटेल. पण तारकर्ली, मालवण, गणपतीपुळे, काशीद, नागाव, आणि खाली गोव्यात कळंगुट, बागा अशा किनाऱ्यांवर हंगामात दिवसभर जेट स्की धावत असतात. त्यांच्या सुरक्षिततेबद्दल बोललं जातं ते पर्यटकाच्या अंगावरच्या लाइफ जॅकेटबद्दल, चालकाच्या मनगटाला बांधलेल्या किल-स्विचच्या दोरीबद्दल, पोहणाऱ्यांपासून ठेवायच्या अंतराबद्दल. ते बोललंच पाहिजे. गोव्यात करंजाळेला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे चालकांना रीतसर शिकवलं जातं. पण सीटखाली जे आहे ते बहुतेक ठिकाणी मेकॅनिकवर सोडलेलं असतं, आणि आपल्याकडचा मेकॅनिक मोटरसायकलच्या गॅरेजातून तरी आलेला असतो किंवा मासेमारीच्या होड्यांच्या आउटबोर्ड इंजिनांवर हात बसलेला तरी असतो.

त्याच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. अडचण त्याच्या अनुभवाच्या जागेची आहे. आउटबोर्ड इंजिन होडीच्या मागच्या फळीवर उघड्यावर टांगलेलं असतं. पेट्रोलची टाकी उघड्या होडीत ठेवलेली असते. नळी गळली, पेट्रोल सांडलं, तर वास येतो आणि वारा तो घेऊन जातो. मोटरसायकलचंही तेच. दोन्हीकडे आजूबाजूची मोकळी हवा फुकटात रखवाली करत असते, म्हणून तिची आठवणही कुणाला राहत नाही. जेट स्कीमध्ये इंजिन, पन्नास-साठ लिटरची टाकी, बॅटरी, स्टार्टर, इंधनाच्या नळ्या हे सगळं एकाच बंद पोकळीत कोंबलेलं असतं आणि त्यावर झाकण म्हणून माणूस बसलेला असतो. उघड्या इंजिनावर वीस वर्षं काढलेल्या माणसालाही ही पोकळी काय करू शकते याचा धडा कधी मिळालेला नसतो.

ही पोकळी बंद का ठेवावी लागली, याचं उत्तर या वाहनाच्या जन्मातच आहे. क्लेटन जेकबसन या अमेरिकन मोटोक्रॉस शर्यतपटूला १९६० च्या दशकात पाण्यावरची मोटरसायकल हवी होती. पडलं तरी परत चढता यावं आणि पुढे निघता यावं, ही त्याची पहिली अट. कॅनडाच्या बॉम्बार्डियर कंपनीने त्याच्या कल्पनेवरून १९६८ मध्ये बसून चालवायची सी-डू बाजारात आणली. त्या पहिल्या यंत्राचं रोटॅक्स इंजिन हवेने थंड होणारं होतं. म्हणजे हलमध्ये ज्वलनासाठी हवा घ्यायची, थंडाव्यासाठीही हवा घ्यायची आणि त्याच वाटेने समुद्र आत येऊ द्यायचा नाही. ते गणित जमलं नाही आणि दोन-तीन वर्षांत ती सी-डू बंद झाली. जेकबसन मग कावासाकीकडे गेला आणि १९७३ च्या सुमाराला उभं राहून चालवायची जेट स्की नियमित बाजारात आली. पुढे यामाहाची वेव्हरनर आली, १९८८ मध्ये सी-डू पुन्हा आली आणि २००२ पासून फोर-स्ट्रोक इंजिनांचं युग सुरू झालं. इंजिनं बदलली, ताकद कित्येक पटींनी वाढली. जेकबसनची अट मात्र बदलली नाही. वाहन उलटणार, पाण्याखाली जाणार, आणि तरीही आतून कोरडं राहून पुन्हा सुरू होणार. त्यासाठी हल बंद हवा. आणि इंजिनाला हवा लागते, म्हणून तो पूर्ण बंद असूनही चालत नाही. नळ्यांची सगळी रचना या दोन मागण्यांच्या भांडणातून निघालेली आहे.

इंजिनाला किती हवा लागते ते आधी पाहू, कारण ऐकीव अंदाज इथे फार कमी पडतात. दीड लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल तर दर दोन फेऱ्यांना एकदा ते आपली क्षमता भरून हवा ओढतं. मिनिटाला साधारण ६,००० लिटर, म्हणजे सेकंदाला १०० लिटर. सुपरचार्जर असेल तर आणखी जास्त. ही सगळी हवा एकाच, आठ सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून यायची असेल तर नळीतला वारा ताशी ७० किलोमीटरच्या पुढे जाईल. म्हणून नळ्या जाड असतात, एकापेक्षा जास्त असतात, आणि एखादीत बोळा बसला तर इंजिन वरच्या वेगाला धापा टाकू लागतं. बहुतेक मॉडेलांत इंजिनाचा एअरबॉक्स हवा थेट बाहेरून घेत नाही, हलच्या पोकळीतून घेतो. नळ्या तुंबल्या आणि इंजिनाची ओढ तशीच राहिली, तर पोकळीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो. मग सीटच्या रबरी पट्टीतून, शाफ्टच्या सीलमधून, जिथे म्हणून फट असेल तिथून पाणी आत ओढलं जातं. हवेची वाट बंद केली म्हणून पाणी आत आलं, हे उलटं वाटणारं दुखणं गॅरेजात अनेकदा शाफ्ट सीलच्या माथी मारलं जातं.

याच आकड्यातून दुसरी गोष्ट कळते, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे. पोकळीत मोकळी हवा समजा ४०० लिटर आहे. पूर्ण वेगात इंजिन ती चार सेकंदांत बदलून टाकतं. म्हणजे पळती जेट स्की स्वतःची पोकळी स्वतःच झाडून काढते. धोका पळताना सगळ्यात कमी असतो. तो वाढतो यंत्र उभं असताना. इंजिन बंद, ऊन तापलेलं, आताच पेट्रोल भरलेलं, आणि पुढचा पर्यटक जॅकेट घालून तयार. त्या वेळी पोकळीतल्या हवेला हलवणारं दुसरं काही नसतं. नळ्यांमधून जी थोडी मंद ये-जा होईल तेवढीच.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चारपट जड असते. ती वर उडून जात नाही, खाली बसते. स्वयंपाकघरातला गॅस गळला की तो जमिनीलगत पसरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथली जमीन म्हणजे हलचा तळ, ज्याला बोटवाले बिल्ज म्हणतात. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, तेव्हा वैशाखातल्या किनाऱ्यावर ते वाफ सोडणारच. हवेत या वाफेचं प्रमाण साधारण १.४ टक्के झालं की मिश्रण ठिणगीने पेटू शकतं, आणि ७.६ टक्क्यांच्या पुढे ते इतकं दाट होतं की पेटत नाही. एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर ती दीडशे ते दोनशे लिटर भरते. आपल्या ४०० लिटरच्या पोकळीचे १.४ टक्के म्हणजे साडेपाच लिटर वाफ. त्याला पेट्रोल लागतं तीस-पस्तीस मिलिलिटर, चहाचे सहा-सात चमचे. तेही वाफ सगळीकडे सारखी पसरली असं धरून. प्रत्यक्षात ती तळाशी थरासारखी साचते, आणि त्या थरापुरतं प्रमाण धोक्याच्या पट्ट्यात यायला त्याहून कमी पेट्रोल पुरतं.

हा हिशेब ज्याने एकदा कागदावर केला, त्याच्या डोळ्यांसमोर किनाऱ्यावरचं रोजचं दृश्य वेगळं दिसू लागतं. आपल्याकडे पेट्रोल भरायला धक्का नाही, पंप नाही. वाळूवर ओढलेल्या जेट स्कीत प्लास्टिकच्या कॅनमधून, कापलेल्या बाटलीचं नरसाळं करून पेट्रोल ओतलं जातं. वारा असतो, घाई असते, चमचाभर बाहेर सांडतं. भरण्याचं तोंड हलच्या बाहेर असल्यामुळे ते सांडलेलं बहुतेक बाहेरच राहतं, पण हुड उघडा असेल किंवा तोंडाखालची नळी सैल असेल तर ते आत उतरतं. आत उतरलेले सहा चमचे कुणालाच दिसत नाहीत.

वरच्या मर्यादेबद्दल एक गैरसमज आहे. दाट मिश्रण पेटत नाही हे खरं, पण त्यावर विसंबणं घातक आहे. समजा आतली नळी निसटून पोकळीत पावशेर पेट्रोल गेलं आणि वाफ इतकी दाट झाली की तिथे ठिणगीलाही काही होणार नाही. वास आला म्हणून कुणी सीट उचलली. बाहेरची हवा आत शिरली आणि दाट मिश्रण पातळ होऊ लागलं. पातळ होता होता ते ७.६ पासून १.४ पर्यंतच्या पूर्ण पट्ट्यातून जातं. सीट उचलल्यानंतरची पहिली काही मिनिटं म्हणूनच सगळ्यात वाईट असू शकतात. सीट उघडून लगेच ‘बघू सुरू होते का’ म्हणून बटण दाबणं, हे वास न घेता बटण दाबण्यापेक्षा शहाणपणाचं नाही. सीट काढून दूर ठेवायची आणि थांबायचं. यंत्र वाळूवर असेल तर मागचे ड्रेन प्लग उघडायचे, म्हणजे जड वाफेला सगळ्यात खालून वाट मिळते.

मोठ्या पेट्रोल बोटींवर या कामासाठी विजेचा ब्लोअर असतो. अमेरिकेत त्याच्या स्विचजवळ सूचना लावणं कायद्याने सक्तीचं आहे : इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवा आणि बिल्जमध्ये पेट्रोलची वाफ आहे का ते तपासा. पेट्रोल बोटींच्या तळाला हवा खेळती ठेवण्याचं बंधन तिथे १९४० च्या मोटरबोट कायद्यापासून आहे, आणि १९८० पासून त्याचे तपशीलवार नियम लागू आहेत. त्यातला एक नियम मला या पुस्तिकेचा पाया वाटतो. हवा बाहेर नेणाऱ्या नळीचं आतलं तोंड कप्प्याच्या खालच्या एक-तृतीयांश भागात असलं पाहिजे, पण तळाशी नेहमी साचणाऱ्या पाण्याच्या पातळीच्या वर असलं पाहिजे. खाली, कारण वाफ खाली असते. पाण्याच्या वर, कारण तोंड पाण्यात बुडालं की नळी बंद झाली. या दोन रेषांमधली काही इंचांची जागा हीच त्या तोंडाची योग्य जागा. जेट स्कीसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसओ १३५९० हे वेगळं मानक आहे आणि पेट्रोल बोटींच्या वायुवीजनासाठी आयएसओ १११०५ आहे, पण वाफ कुठे बसते आणि तिला कुठून उचलायचं हा विचार सगळीकडे एकच आहे. जेट स्कीमध्ये बहुधा ब्लोअर नसतो. ब्लोअरचं काम तिथे नळ्या करतात आणि सीट काढणारा माणूस करतो.

हवा आत आणणाऱ्या नळीचं टोकही खाली का नेलेलं असतं? ते वरच सोडलं असतं तर ताजी हवा वरून आली असती, वरच्या वर एअरबॉक्समध्ये गेली असती, आणि तळाचा थर जागच्या जागी राहिला असता. हवा सगळ्यात सोपी वाट धरते. तिला तळाशी जायला भाग पाडायचं असेल तर तिला तिथेच नेऊन सोडावं लागतं.

इथवर नळ्या फक्त वाफेसाठी आहेत असं वाटेल. तेवढंच असतं तर त्यांची लांबी थोडी कमी-जास्त चालली असती. पण जेट स्की उलटते, आणि उलटल्यावर हीच लांबी दुसरं काम करते. या रचनेतली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट ती आहे. सरळ असताना नळीचं बाहेरचं तोंड वर, डेकजवळ, आणि आतलं तोंड खाली तळाजवळ. जेट स्की पालथी झाली की डेक पाण्याखाली जातो आणि तळ आकाशाकडे येतो. आता बाहेरचं तोंड पाण्यात बुडालेलं आहे, आणि आतलं तोंड पोकळीच्या सगळ्यात उंच भागात, पाण्याच्या पातळीच्या वर आलेलं आहे. पाणी नळीत शिरतं, बाहेरच्या पातळीपर्यंत चढतं आणि तिथेच थांबतं. आतल्या तोंडापर्यंत ते पोचत नाही, म्हणून पोकळीत सांडत नाही. झडप नाही, स्प्रिंग नाही, बिघडण्याजोगं काही नाही. नळी पुरेशी लांब आहे, एवढ्यावर वाहन तरंगत राहतं.

आता ही नळी कुणी अर्ध्यावर कापली असं समजा. स्पार्क प्लग काढताना ती आड येत होती, किंवा टोक फाटलं होतं म्हणून फाटका भाग छाटून टाकला. सरळ असताना काहीच फरक जाणवत नाही. तळाशी वाफ साचू लागते, पण ती दिसत नाही. जेट स्की उलटते तेव्हा आखूड नळीचं आतलं तोंड बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली राहतं. एका नळीतून समुद्र आत येतो, दुसरीतून हवा बाहेर जाते, आणि काही मिनिटांत वाहन इतकं जड होतं की दोघांना मिळूनही ते सरळ करता येत नाही. सरळ झालंच तर एअरबॉक्समधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही. त्या स्थितीत स्टार्टर दाबला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. एका वेळच्या सोयीसाठी छाटलेल्या वीतभर प्लास्टिकची ही किंमत आहे, आणि ती मोजावी लागेपर्यंत कुणालाही तिचा पत्ता नसतो.

कापण्याइतकंच आढळणारं दुसरं दुखणं म्हणजे बुजवणं. हलमध्ये पाणी सापडलं की पहिला संशय वरच्या उघड्या तोंडांवर जातो, कारण ती डोळ्यांना दिसतात. मग त्यांत फोम कोंबला जातो, फडकं भरलं जातं, कधी चिकटपट्टी लावली जाते. ही तोंडं हुडखाली आडोशाला ठेवलेली असतात आणि हवेला आत येताना वळणं घ्यावी लागतात. हवा वळते, जड थेंब वळू शकत नाहीत, ते भिंतीवर आपटून खाली गळतात. तरी थोडे तुषार आत येतातच, आणि ते येणार हे धरूनच रचना केलेली असते. बहुतेक जेट स्कीत बिल्जचं पाणी उपसण्यासाठी एक बारीक नळी जेट पंपाच्या नॉझलपर्यंत नेलेली असते. तिथे पाण्याचा झोत वेगाने जात असल्यामुळे दाब कमी असतो, आणि तो कमी दाब तळातलं पाणी आपोआप ओढून बाहेर फेकतो. हलमध्ये खरोखर जास्त पाणी येत असेल तर आधी ड्रेन प्लग, शाफ्टचा सील, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या नळ्यांचे क्लॅम्प आणि ही बारीक नळी चोंदली आहे का ते पाहावं. हवेची तोंडं संशयितांच्या यादीत सगळ्यात शेवटी असावीत.

नळ्या एकट्या काम करत नाहीत. वाफ साचू नये ही एक बाजू, साचली तरी पेटू नये ही दुसरी. कार्ब्युरेटरवर किंवा हवेच्या वाटेत धातूची बारीक जाळी असते. इंजिनाने उलटी ठिणगी टाकली तर ज्वाळा त्या जाळीतून जाताना थंड होऊन विझते. स्टार्टर, रिले, अल्टरनेटर हे भाग बोटींसाठी खास बंदिस्त केलेले असतात, जेणेकरून त्यांच्या आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला लागू नये. त्यासाठी एसएई जे ११७१ नावाचं मानक आहे. मला इथे अगदी आग्रहाने सांगायचं आहे की कारचा किंवा मोटरसायकलचा स्टार्टर रिले आकाराने बसतो, व्होल्टेज तेच असतं, किंमत एक-चतुर्थांश असते, आणि तरीही तो हलमध्ये लावू नये. उघड्या हवेत चालणाऱ्या गाडीतल्या भागाला ठिणगी आत कोंडून ठेवण्याची गरज नसते, म्हणून तो तसा बनवलेला नसतो. बंद पोकळीत, तळाशी वाफेचा थर असताना, तो स्वस्त रिलेच काडी ठरतो.

टाकीचा श्वासही याच गोष्टीचा भाग आहे. उन्हात टाकीतली वाफ फुगते, पेट्रोल संपत जातं तशी आत हवा घ्यावी लागते. त्यासाठी टाकीची वेगळी बारीक नळी झडपेमार्गे हलच्या बाहेर नेलेली असते. ही नळी आतल्या आत निसटली तर टाकी थेट पोकळीत श्वास सोडू लागते, आणि थेंबभरही पेट्रोल न सांडता तळाशी वाफ जमते. वास येतो, पण गळती कुठे सापडत नाही, असं झालं की आधी ही नळी पाहावी.

या सगळ्यात आपल्यासाठी एका नव्या चिंतेची भर पडली आहे. २०२५ पासून आपल्या पंपांवर सर्वत्र वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्याकडे धावणाऱ्या कित्येक जेट स्कींच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा दहा टक्के लिहिलेली आहे. इथेनॉल जुनं रबर फुगवतं किंवा कडक करून तडे पाडतं, आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा जास्त झाला की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे होतात. समुद्रकिनाऱ्यावर ओलाव्याला तोटा नाही. पेट्रोल निवडणं चालकाच्या हातात नाही. इंधनाच्या नळ्या वेळेवर बदलणं, बदलताना बोटींच्या इंधनासाठी प्रमाणित नळीच घेणं आणि वायुवीजन निर्दोष ठेवणं मात्र हातात आहे. नळी गळण्याची शक्यता वाढली असेल तर गळलेली वाफ बाहेर जाण्याची वाट मोकळी असण्याला पूर्वीपेक्षा जास्त मोल आलं आहे.

पुस्तिकेत पुढे प्रत्येक भागाचं चित्र, जागा आणि तपासणी दिली आहे. उलटलेली जेट स्की सरळ कशी करायची याचं स्वतंत्र प्रकरण आहे, कारण ती कोणत्याही बाजूने फिरवून चालत नाही. चुकीच्या बाजूने फिरवली तर सायलेन्सरच्या वॉटरबॉक्समध्ये साठलेलं पाणी उलटं इंजिनात उतरू शकतं. योग्य दिशा दाखवणारा बाणाचा स्टिकर मागच्या बाजूला असतो. जुन्या, हातोहात विकल्या गेलेल्या यंत्रांवर तो उन्हाने उडालेला असतो. तो पुन्हा लावून घ्यावा. पर्यटकाला पाण्यात उभं राहून मॅन्युअल वाचता येत नाही.

प्रत्येक मॉडेलच्या नळ्यांची मापं मी जाणूनबुजून दिलेली नाहीत. एकाच कंपनीच्या दोन वर्षांच्या दोन यंत्रांतही ती वेगळी असतात, आणि पुस्तकातलं माप पाहून नळी छाटणारा माणूस मला नको आहे. माप हवं असेल तर ते त्या यंत्राच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून किंवा शेजारच्या न छेडलेल्या त्याच मॉडेलमधून घ्यावं. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा, टोक तळापासून किती वर आहे ते टेपने मोजून लिहून ठेवावं, आणि परत बसवताना तेवढंच ठेवावं.

सगळ्यात जास्त भर मी पावसाळ्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीवर दिला आहे. जूनपासून ऑगस्टअखेर आपल्याकडे जलक्रीडा बंद असते आणि जेट स्की ताडपत्रीखाली, झापाच्या शेडमध्ये तीन महिने पडून राहतात. ताडपत्री घट्ट बांधली की हवेची तोंडं बंद होतात. टाकीत उरलेलं पेट्रोल आतल्या आत वाफ सोडत राहतं. उंदीर इंधनाच्या नळ्या कुरतडतात. कुंभारीण माशी अशा अंधाऱ्या नळीत मातीचं घर बांधते आणि ते वाळल्यावर दगडासारखं कडक होतं. सप्टेंबरात ताडपत्री निघते ती गणपतीच्या सुट्टीची गर्दी डोळ्यांसमोर ठेवून, त्यामुळे बॅटरी चार्ज करून बटण दाबायची घाई असते. तसं करू नये. आधी सीट आणि हुड काढून यंत्र सकाळभर उघडं ठेवावं, ड्रेन प्लग उघडावेत. प्रत्येक नळीत एका टोकाने फुंकून दुसऱ्या टोकाला हात धरावा, वारा लागला पाहिजे. टाकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक रबरी नळी बोटांनी वाकवून पाहावी, तडे दिसले तर बदलावी. मग तळाशी वाकून वास घ्यावा. पेट्रोल धोक्याच्या प्रमाणात येण्याच्या कितीतरी आधी नाकाला कळतं, पण तेच नाक थोड्या वेळाने त्या वासाला सरावतं आणि सांगायचं थांबतं; म्हणून ज्याने सकाळपासून तिथे काम केलं आहे त्याने वास घेऊन उपयोग नाही, बाहेरून दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं. त्याला वास आला नाही तरच बॅटरीची तार जोडावी.